ट्रेड अडकला की आपण सगळे डॉक्टर: एनबीए बघणाऱ्या मराठी मंडळींना खुलं पत्र

प्रिय मंडळी,

पहाटे साडेपाचचा अलार्म लावून एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, मॅच बघणारे, लोकलमध्ये हायलाइट्स संपवणारे, आणि फेब्रुवारीतल्या ट्रेडच्या डेडलाइनला रात्री दीड वाजेपर्यंत फोन हातात धरून जागणारे तुम्ही सगळे. मी तुमच्यातलीच एक आहे, त्यामुळे वरच्या पायरीवर उभं राहून उपदेश करायचा इरादा नाही. पण एक गोष्ट बरीच वर्षं खटकते आहे. ती एकदा सगळ्यांसमोर मांडते.

ट्रेडची, म्हणजे दोन संघांतल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची, बातमी फुटते, पण ट्रेड पक्का होत नाही. मधे दोन दिवस जातात, कधी आठवडाही जातो. त्या दिवसांत आपण जे काही बोलतो, त्याबद्दल हे पत्र आहे. पिकांवर, म्हणजे ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या दरवर्षीच्या वाटपात) खेळाडू निवडायच्या हक्कांवर, पगारांवर, जनरल मॅनेजरच्या अकलेवर खुशाल भांडा. मॅचपेक्षा त्या भांडणातच आपल्याला जास्त मजा येते, हे आपण एकमेकांपासून लपवायची गरज नाही. फक्त खेळाडूच्या खुब्यावर, पाठीवर, गुडघ्यावर निकाल देणं आपण बंद करावं. त्यातलं आपल्याला काही कळत नाही, आणि कळत असतं तरी तो विषय आपला नाही.

नव्याने बघायला लागलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. सकाळी उठल्यावर आपल्याला दिसते ती फक्त ट्रेड ठरल्याची बातमी. दोन संघ राजी होतात आणि कुणीतरी पत्रकार ते फोडतो. मग लीगच्या ऑफिसबरोबर फोनवर सगळा तपशील नोंदवला जातो, दोन्हीकडचे पगार नियमात बसतात का ते बघितलं जातं, खेळाडू नव्या गावी जातो आणि तिथले डॉक्टर त्याला तपासतात. ही तपासणी नको असेल तर नवा संघ ती सोडूनही देऊ शकतो. पण तपासलं आणि संघाने नकार दिला, तर ट्रेड रद्द. तोवर दोन्ही संघ अधिकृतपणे तोंड उघडत नाहीत. ना प्रशिक्षक काही सांगतो, ना मॅनेजर. ही मोकळी जागा मग आपण भरतो.

या प्रकाराचा सगळ्यात मोठा नमुना म्हणजे २०१७चा ऑगस्ट.

जुन्या मंडळींना आठवत असेल. २२ ऑगस्टला, म्हणजे आपल्याकडे २३च्या पहाटे, बातमी आली की क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स कायरी अर्व्हिंगला बॉस्टन सेल्टिक्सकडे देणार. बदल्यात आयझेया थॉमस, जे क्राउडर, आंते झिझिच आणि ब्रुकलिन नेट्सचा २०१८चा पहिल्या फेरीतला पिक. तीनच महिन्यांपूर्वी पूर्व विभागाच्या फायनलला एकमेकांसमोर उभे राहिलेले हे दोन संघ. कायरी म्हणजे २०१६च्या फायनलच्या सातव्या मॅचमध्ये गोल्डन स्टेटच्या स्टेफ करीच्या तोंडावर तो तीन पॉइंटचा शॉट मारणारा माणूस, आणि त्याला क्लीव्हलँडचा सगळ्यात मोठा तारा लेब्रॉन याच्या सावलीतून बाहेर पडायचं होतं. थॉमस म्हणजे पाच फूट नऊ इंचांचा, २०११च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटचा, साठावा निवडलेला पोरगा. त्याने आदल्या मोसमात मॅचमागे २८.९ पॉइंट काढले होते. त्याच्यापुढे फक्त वेस्टब्रुक आणि हार्डन. उंची कमी म्हणून शाळेच्या संघात बेंचवर बसवलेल्या आपल्याकडच्या किती पोरापोरींनी त्याचे व्हिडिओ पाठ केले असतील.

दोन दिवसांनी गणपती बसले. चतुर्थी २५ तारखेला होती, आणि त्याच दिवशी क्लीव्हलँडमध्ये थॉमसची तपासणी झाली. मग सगळं थांबलं. त्याच्या उजव्या खुब्याच्या सांध्याला जी इजा होती, ती क्लीव्हलँडच्या डॉक्टरांना वाटली होती त्यापेक्षा जास्त दिसली, अशा बातम्या यायला लागल्या. क्लीव्हलँडला आणखी काहीतरी हवं होतं, बॉस्टन द्यायला तयार नव्हतं. २९ ऑगस्टला मुंबई पाण्याखाली गेली, लोकल बंद पडल्या, माणसं रुळांवरून चालत घरी गेली, आणि त्यातही ज्याच्या फोनला रेंज होती तो विचारत होता, "थॉमसचं काय झालं?"

त्या आठवड्यात काय काय बोललं गेलं! सेकंड-हँड गाडी घेताना माणूस इंजिन उघडून बघणारच, असं एक वाक्य तेव्हा फार फिरलं. खराब माल, ठोकलेला माल, आतून गेलेला. हाडांचे डॉक्टर नसलेली माणसं एमआरआयवर बोलत होती, आणि तो एमआरआय त्यांच्यापैकी कुणीही बघितलेला नव्हता. थॉमसने स्वतः एका मुलाखतीत सांगितलं की मी मोडीत निघालेलो नाही, परत येईन आणि पूर्वीसारखाच खेळेन. त्यावरही आपण हसलो. गाडी मुलाखत देत नाही, निदान एवढा फरक तरी कुणाच्या लक्षात यायला हवा होता.

आता तो खुबा दुखावला कसा, तेही बघा. पहिली दुखापत मार्चमध्ये झाली. तो खेळत राहिला. १५ एप्रिलला त्याची धाकटी बहीण मोटार अपघातात गेली. दुसऱ्या दिवशी प्लेऑफची पहिली मॅच होती. तो खेळला आणि ३३ पॉइंट काढले. २ मे हा तिचा तेविसावा वाढदिवस असता. त्या रात्री त्याने वॉशिंग्टनविरुद्ध ५३ काढले, तेही आदल्या मॅचमध्ये दात पडून तोंडावर उपचार चालू असताना. त्याच वॉशिंग्टनविरुद्ध सहाव्या मॅचमध्ये खुबा पुन्हा दुखावला, तरी तो खेळला. शेवटी क्लीव्हलँडविरुद्धच्या दुसऱ्या मॅचनंतर त्याला थांबवावं लागलं. म्हणजे ज्या खुब्यावरून ऑगस्टमध्ये घासाघीस चालली होती, तो बॉस्टनसाठी खेळताना झिजला होता. आणि बॉस्टनने तो खुबा माणसासकट क्लीव्हलँडला पाठवला.

बॉस्टनचे ट्रेड ठरवणाऱ्या डॅनी एंजला दोष देणं सोपं आहे आणि मी तो देते. निष्ठा फक्त खेळाडूंकडून मागायची असते, हे त्या माणसाने फार शांतपणे दाखवून दिलं. पण तो त्याचं काम करत होता. आपलं काम काय होतं? आपण काही पगारी नव्हतो.

पैशाची बाजू तर आपल्यातल्या फार थोड्यांनी मांडली. थॉमसचा जुना करार स्वस्तातला होता. येणाऱ्या मोसमाचे त्याला साठ-बासष्ट लाख डॉलर मिळणार होते, त्याच्या तोडीच्या खेळाडूंच्या पगारापुढे काहीच नाही. २०१८च्या उन्हाळ्यात तो मोकळा होणार होता आणि तेव्हा मोठा करार मिळेल या आशेवर होता. त्याच आठवड्यात त्याच्या सांध्याची बातमी जगभर चघळली गेली. संघांना आपल्या बडबडीची गरज नसते, त्यांच्याकडे त्यांचे डॉक्टर असतात, हे खरं. पण असल्या बातम्या फोडणाऱ्यांना गिऱ्हाईक कोण आहे? आपणच.

आणखी एक गोष्ट तेव्हा कुणालाच माहीत नव्हती. ट्रेडची बातमी आली त्याच रात्री जे क्राउडरची आई कॅन्सरने गेली. हॉस्पिटलमध्ये तिच्या कानाशी लागून त्याने तिला सांगितलं की आपण आता क्लीव्हलँडला जाणार, आणि थोड्याच वेळात ती गेली. हे त्याने नंतर, मोसम सुरू होताना सांगितलं. आपण मात्र त्या आठवडाभर "क्राउडर हा या ट्रेडमधला छुपा फायदा" असले हिशेब मांडत होतो. त्यात वाईट काही नाही, आपल्याला कुठून कळणार. पण आपल्याला किती कमी कळतं, याची ती बऱ्यापैकी मोजपट्टी आहे.

३० ऑगस्टला गाडं सुटलं. आठवडाभर ताणून क्लीव्हलँडला जास्तीचं काय मिळालं? मायामीचा २०२०चा दुसऱ्या फेरीतला पिक. क्लीव्हलँडच्या कोबी ऑल्टमनला जनरल मॅनेजर होऊन तेव्हा महिना-सव्वा महिना झाला असेल. त्याची भरपूर टिंगल झाली. खरं तर भांडायला खरीखुरी जागा इथे होती. त्या दिवसांत बातम्यांमध्ये बॉस्टनच्या जेलन ब्राउन आणि जेसन टेटम या तरुण खेळाडूंची नावं फिरत होती, आणि बॉस्टन त्या दोघांना हात लावू देत नव्हतं. आपल्यातल्या कितीतरी बॉस्टनवाल्यांनी तेव्हा "ब्राउन देऊन टाका आणि कायरी आणा एकदाचा" असा धोशा लावला होता. पुढे २०२४मध्ये बॉस्टन चॅम्पियन झालं ते याच दोघांच्या जोरावर. फायनलचा सर्वोत्तम खेळाडू जेलन ब्राउन. समोर डॅलस, आणि डॅलसकडून कोण खेळत होतं? कायरी अर्व्हिंग. चार-एक. त्या अडकलेल्या आठवड्यातला सगळ्यात मोलाचा निर्णय तपासणीच्या खोलीत झालाच नाही. तो एंजच्या नकारात झाला, आणि त्यावर आपण जेमतेम बोललो, कारण आपण सगळे खुब्यात अडकलो होतो.

इथे तुमच्यातले काही जण म्हणतील, आणि त्यांना म्हणायचा हक्क आहे, की बाई, शेवटी थॉमसचा खुबा गेलेलाच निघाला ना? निघाला. जानेवारी २०१८मध्ये तो पहिल्यांदा क्लीव्हलँडसाठी मैदानात उतरला, पंधरा मॅच खेळला, आणि ८ फेब्रुवारीला लॉस एंजलिस लेकर्सकडे रवाना झाला. मार्चमध्ये खुब्यावर शस्त्रक्रिया झाली. जुलैमध्ये डेन्व्हरने त्याला कमीत कमी पगारावर घेतलं. सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात पाचवा आलेला माणूस एका वर्षात किमान वेतनावर आला. तो खुबा पूर्वीसारखा झालाच नाही. क्लीव्हलँडच्या डॉक्टरांची शंका रास्त होती आणि तपासणी करणं हा त्यांचा हक्कच होता.

पण डॉक्टर बरोबर ठरले म्हणजे आपण बरोबर ठरलो असं होत नाही. डॉक्टरांनी सांधा बघितला होता, आपण बातमीचा मथळा. आणि बघा, त्याच ट्रेडमधला धडधाकट खेळाडू कोण, तर कायरी. त्या मोसमात त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि प्लेऑफ तो कोट घालून बाजूला बसला. मोसमाची पहिली मॅच, १७ ऑक्टोबर, क्लीव्हलँडमध्ये, याच दोन संघांची. ट्रेडमुळे सगळ्यांचे डोळे कायरीवर. आणि पाच-सहा मिनिटांतच बॉस्टनचा गॉर्डन हेवर्ड हवेतून खाली आला तो पाय मोडूनच. चार वर्षं आणि १२.८ कोटी डॉलरचा नवा कोरा करार. त्याच्या पायावर ऑगस्टमध्ये कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. नागपाड्याच्या मैदानावर नाहीतर डेक्कन जिमखान्यावर ज्यांनी वर्षं काढली आहेत त्यांना विचारा; रिबाउंडला उडी मारून खाली येताना दुसऱ्याच्या बुटावर पाय पडला की काय होतं, ते त्यांना कुठल्याही रिपोर्टशिवाय माहीत असतं.

शरीराबद्दल नको आणि निष्ठेबद्दल बोला म्हटलं, तर तिथेही आपला हात आखडता. बॉस्टन आपल्या मैदानात थॉमसच्या मानवंदनेचा व्हिडिओ दाखवणार होतं. जानेवारीत क्लीव्हलँड तिथे गेलं तेव्हा तो खेळणार नव्हता, म्हणून त्यानेच पुढे ढकलायला सांगितलं. पुढची तारीख ११ फेब्रुवारी. त्याच दिवशी बॉस्टनचा जुना तारा पॉल पिअर्सची जर्सी निवृत्त होणार होती. पिअर्सला दिवस वाटून घ्यायचा नव्हता. त्यावरून एवढा गदारोळ झाला की थॉमसने माघार घेतली; आणि ती तारीख येण्याआधी तीन दिवस तो लेकर्सचा झाला होता. व्हिडिओ दाखवला गेला तो मार्च २०१९मध्ये, डेन्व्हरचा पाहुणा खेळाडू म्हणून तो तिथे गेला तेव्हा. त्या रात्री प्रशिक्षकाने त्याला खेळवलं नाही.

जाता जाता एक: या थॉमसचा पहिला संघ सॅक्रामेंटो. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे ज्याचे मालक आहेत आणि २०१९मध्ये ज्याने वरळीच्या डोममध्ये इंडियानाविरुद्ध दोन मॅच खेळल्या, तो. २०१४मध्ये रणदिवे मालक असतानाच सॅक्रामेंटोने थॉमसला फिनिक्सकडे जाऊ दिलं. रणदिव्यांचं नाव निघालं की आपली छाती फुगते, तेव्हा हेही खात्यावर मांडून ठेवा.

आता अलीकडचं, कारण २०१७ म्हणजे जुनी गोष्ट असं म्हणून सुटायला बघाल. फेब्रुवारी २०२५. लुका डॉन्चिच लेकर्सकडे आला, अँथनी डेव्हिस डॅलसला गेला, आणि लेकर्सकडे भरवशाचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, उरला नाही. डेडलाइनच्या आदल्या रात्री बातमी आली: शार्लटचा सात फुटांहून उंच मार्क विल्यम्स लेकर्सकडे. बदल्यात डॉल्टन क्नेक्ट, कॅम रेडिश, २०३१चा पहिल्या फेरीतला पिक आणि २०३०ची पिकांची अदलाबदल. लेकर्सवाले नाचले. ८ फेब्रुवारीला, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी, ट्रेड रद्द. लेकर्सचं अधिकृत म्हणणं एवढंच, की ट्रेडची एक अट पूर्ण झाली नाही. विल्यम्स तपासणीत नापास झाला, हे पत्रकारांनी सांगितलं. नेमकं काय सापडलं ते संघाने जाहीर केलं नाही आणि करायलाही नको होतं.

मग आपण सुरू झालो. पाठ. त्याने आदल्या मोसमात पाठीच्या दुखण्यामुळे फक्त एकोणीस मॅच खेळल्या होत्या, तेवढ्या एका धाग्यावर प्रबंध लिहिले गेले. दोन दिवसांपूर्वी याच विल्यम्सला जे लेकर्सचं भविष्य म्हणत होते, तेच आता म्हणायला लागले की बरं झालं, वाचलो. आणि एप्रिलमध्ये मिनेसोटाने लेकर्सला पहिल्याच फेरीत चार-एकने घरी पाठवलं, शेवटच्या मॅचमध्ये रुडी गोबेरने २७ पॉइंट आणि २४ रिबाउंड काढले, तेव्हा त्याच तोंडांनी विचारलं, "विल्यम्सला का सोडला?" जूनमध्ये फिनिक्सने त्याला घेतलं. त्यांच्या डॉक्टरांना तो चालला.

डॉल्टन क्नेक्टचं काय झालं ते बघा. रुकी, म्हणजे पहिल्याच मोसमातला पोरगा. नोव्हेंबरमध्ये एका मॅचमध्ये तीन पॉइंटचे नऊ शॉट मारून त्याने रुकींच्या विक्रमाशी बरोबरी केली होती, तेव्हा त्याचे पोस्टर आपण वॉलपेपर केले होते. त्याला सांगितलं तू जा, आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं परत ये. ज्या संघाने आपल्याला द्यायचं ठरवलं होतं त्याच ड्रेसिंग रूममध्ये त्याला परत जाऊन बसावं लागलं. त्याची पाठ शाबूत होती. तपासणीत नापास दुसराच झाला होता.

सगळे ट्रेड डॉक्टरांमुळे अडकत नाहीत, हेही लक्षात असू द्या. २०२४च्या सप्टेंबरमध्ये कार्ल-अँथनी टाउन्स न्यूयॉर्कला जाणार हे फुटलं २७ तारखेला आणि अधिकृत झालं २ ऑक्टोबरला. मधे पगारांचा मेळ बसवण्यासाठी तिसरा संघ म्हणून शार्लटला आणावं लागलं. डेमियन लिलार्डने १ जुलै २०२३ला ट्रेड मागितला, मायामीचं नाव घेतलं, आणि २७ सप्टेंबरला तो गेला मिलवॉकीला. मायामीवाले अख्खा पावसाळा वाट बघत बसले. आणि डिसेंबर २०१८मधला तो महान विनोद तर विसरताच येत नाही: फिनिक्स, वॉशिंग्टन आणि मेम्फिस यांचा तिहेरी ट्रेड जवळपास ठरला आणि मग कळलं की फिनिक्सला डिलन ब्रुक्स हवा आहे आणि मेम्फिस देतंय मार्शॉन ब्रुक्स. ट्रेड कोसळला. कोट्यवधी डॉलरचे व्यवहार करणारी माणसं सारख्या आडनावामुळे फसली! अशा वेळी जितकं हसायचं तितकं हसा, जितकी टर उडवायची तितकी उडवा. तिथे थट्टा होते ती खुर्चीत बसलेल्यांची.

आणि खरोखर भांडायचंच असेल तर एक चांगला मुद्दा हातात देते.

२०१७मध्ये क्लीव्हलँडला मधल्या दिवसांत जास्तीचा पिक मागता आला, कारण मोसम सुरू व्हायचा होता आणि ट्रेडचं दार उघडं होतं. २०२५मध्ये लेकर्सना ते करता आलं नाही. डेडलाइन उलटून गेली होती, त्यामुळे ठरलेल्या ट्रेडमध्ये काना-मात्रेचाही बदल करायला परवानगी नव्हती. एक तर सगळं घ्या, नाहीतर सगळं सोडा. हाच पेच २०२३मध्ये गॅरी पेटन द सेकंडच्या वेळी होता. चार संघांचा ट्रेड, गोल्डन स्टेटच्या डॉक्टरांना त्याच्या पोटाच्या खालच्या स्नायूंची दुखापत सापडली, डेडलाइन होऊन गेली होती. नाही म्हटलं असतं तर त्याच ट्रेडमधल्या जेम्स वाइझमनपासून सगळ्यांना आपापल्या जुन्या घरी परतावं लागलं असतं. काही दिवस सगळे लटकले. शेवटी गोल्डन स्टेटने त्याला तसाच घेतला, आणि मार्च संपायच्या आत तो खेळायलाही लागला. त्याचा खेळ संपला, असं त्या दोन-तीन दिवसांत छातीठोकपणे लिहिणारे आपल्यातही होते.

मग डेडलाइननंतरही, तपासणीत काही सापडलं तर, दोन दिवसांपुरती तडजोडीला मुभा असावी का? खेळाडू बदलायचे नाहीत, फक्त पिक वर-खाली करता यावेत, एवढीच. असं असतं तर कदाचित २०३१च्या पिकावर एखादी अट घालून विल्यम्सचा ट्रेड वाचला असता आणि क्नेक्टला परत यावं लागलं नसतं. याच्या विरुद्ध बाजूही मजबूत आहे. अशी मुभा दिली तर ट्रेडचा पश्चात्ताप झालेला प्रत्येक मॅनेजर डॉक्टरांच्या आडून भाव पाडायला बघेल. क्लीव्हलँडवर तेव्हा हाच संशय घेतला गेला होता, आणि लेकर्सवरही घेतला गेलाच. पिक जास्त दिले, पस्तावले, म्हणून पाठीचं निमित्त केलं, असं म्हणणारे शार्लटवाले अजून आहेत. लेकर्सच्या निर्णयाविरुद्ध शार्लट दाद मागणार, अशा बातम्याही तेव्हा आल्या होत्या.

सध्या निकाल देतो तो नवा संघच, त्याच्याच डॉक्टरांच्या सल्ल्याने. त्याच्यावर अपील असं जवळपास नाहीच. माझं म्हणणं, पिकांच्या तडजोडीची मुभा द्यावी, पण लीग आणि खेळाडूंची युनियन या दोघांनी मिळून नेमलेल्या तिसऱ्या डॉक्टरने आधी हिरवा कंदील दाखवला तरच. त्याचा निकाल फक्त हो किंवा नाही एवढाच दोन्ही संघांना कळवायचा. तपशील खेळाडू, त्याचा डॉक्टर आणि हा तिसरा डॉक्टर यांच्या बाहेर जायचा नाही. आणि तो तपशील बाहेर गेला तर ज्या संघाकडून गेला त्याचा पुढचा पहिल्या फेरीतला पिक जप्त. दंडाच्या रकमा या मालकांना सुट्या पैशांसारख्या वाटतात, पिक गेला की मात्र झोप उडते.

यात दहा भोकं असतील. तुमच्यातल्या ज्यांना कॅप आणि एप्रनचे, म्हणजे संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादांचे, नियम तोंडपाठ आहेत, त्यांना ती दिसलीही असतील. ती दाखवा. तिहेरी ट्रेडमध्ये तिसऱ्या संघाचं काय करायचं, तेही सांगा, कारण तिथे माझंही डोकं चालत नाही. आणि नेट्सचा तो पिक देऊन बॉस्टनने घोडचूक केली असं जे अजून म्हणतात, त्यांनी पुढच्या डेडलाइनपर्यंत तयारी करून यावं. तो पिक आठवा लागला आणि त्यातून क्लीव्हलँडला कॉलिन सेक्स्टन मिळाला. कायरी दोन वर्षांत बॉस्टन सोडून गेला. त्यामुळे कोण जिंकलं यावर मी रात्रभर बोलायला तयार आहे.

तुमच्यातलीच एक